परतीची वाट

उन्हाळ्याची सुटी लागली, की आम्ही भावंडे अकोल्यास आजोळी जात असू. वऱ्हाडातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला नाही, त्यांना त्याची कल्पना शब्दांनी करून देणे कठीण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, भरदुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि माठातले गार पाणी अमृतासारखे वाटते. पूर्वी अशा दिवसांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे कूलर आला. लोखंडी पत्र्याची एक मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी पाणी, त्यात एक लहानसा पंप आणि समोर पंखा. पंप पाणी वर चढवी, ते गवतावरून झिरपे, आणि त्या ओल्या गवतातून आलेली हवा थंडगार होऊन खोलीत शिरे. तत्त्व वाळ्याच्या ताटीचेच. शिंपडणारा हात मात्र विजेचा.

मी सहावीची परीक्षा देऊन गेलो होतो, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. दुपारची वेळ होती. कूलरमधले पाणी संपत आले, म्हणून आजी बादली घेऊन आली. ती घरात नेहमी अनवाणीच वावरे. पाणी ओतताना थोडे फरशीवर सांडले. तोल सावरण्यासाठी तिने पेटीवर हात टेकला मात्र, आणि "अगं बाई!" असे ओरडून ती एकदम मागे सरली. बादली कलंडली. आम्ही सारे धावलो. आजीचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. बाकी ती सुखरूप होती.

मामा म्हणाला, "काही नाही, आई. त्या पत्र्याला जरा झिणझिण्या येतात. परवा मलाही आल्या होत्या. चप्पल घालून हात लावत जा, म्हणजे झाले."

हे शब्द ऐकताच आजोबांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. ते मोजकेच बोलत. "कूलर बंद कर," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी मला मागच्या गल्लीतून वायरमनकाकांना बोलावून आणण्यास पाठवले.

वायरमनकाका हे आजोबांचे जुने स्नेही. सारा जन्म त्यांनी विजेच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असेच. ते आले, पण कूलरला त्यांनी हात लावला नाही. आधी आम्हां मुलांना दूर उभे केले, मामीकडून फरशी कोरडी पुसून घेतली, आणि पायांत रबरी तळाचे बूट आहेत याची खात्री करून मगच बटण दाबले. टेस्टरचे टोक त्यांनी पत्र्याला टेकवले. टेस्टरमधला इवलासा दिवा लाल उजळला.

"कूलरच्या अंगात दिवा लागला!" असे म्हणून माझ्या धाकट्या मामेबहिणीने टाळ्या पिटल्या. काकांना हसू आले नाही. त्यांनी बटण बंद केले, प्लग उपसून काढला आणि तो मामापुढे धरला.

कूलरच्या जाड वायरीत तीन तारा होत्या, एक लाल, एक काळी आणि एक हिरवी. प्लगला मात्र दोनच पिना होत्या. हिरवी तार मुळाशी कापून तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मामा जरा ओशाळला. तो म्हणाला, "या खोलीतल्या सॉकेटला दोनच भोके आहेत, काका. आणि दोन तारांवर कूलर चालतो की! मग ती तिसरी कशासाठी?"

"प्रश्न चांगला आहे," काका म्हणाले, "पण तो तार कापण्यापूर्वी विचारायचा होता."

मग त्यांनी पाट ओढून घेतला, माझ्याकडून खडू मागितला आणि फरशीवर चित्र काढावयास आरंभ केला. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे रोहित्र, ज्याला आपल्याकडे सारे 'डीपी' म्हणतात, ते त्यांनी एका बाजूस काढले. दुसऱ्या बाजूस आमचे घर काढले. मध्ये दोन रेघा ओढल्या.

"विजेचा स्वभाव एकदा ओळखला," ते म्हणाले, "की घरातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. वीज जिथून निघते, तिथे तिला परत जावयाचे असते. परतीची वाट असेल तरच ती घरातून बाहेर पाऊल टाकते. वाट नसेल तर जागची हलत नाही. या लाल तारेने ती येते. हिला आपण फेज म्हणतो. कूलरच्या पंख्यातून जाते, त्याला फिरवते, आणि या काळ्या तारेने डीपीकडे परत जाते. ही न्यूट्रल. बटण बंद करणे म्हणजे वाट तोडणे, दुसरे काही नव्हे."

"तारेवर चिमण्या बसतात, त्या का मरत नाहीत?" मी विचारले. हा प्रश्न माझ्या मनात फार दिवसांपासून घोळत होता.

"तूच सांग. चिमणीचे दोन्ही पाय कुठे असतात?"

"एकाच तारेवर."

"मग तिच्या अंगातून वीज जाईल कुठे? पुढे वाटच नाही. पण वटवाघूळ पंख पसरून एकाच वेळी दोन तारांना टेकले, की ते मरून लोंबकळताना तू पाहिले असशील. त्याने स्वतःच्या अंगाचा पूल बांधून दिला."

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे विज्ञान शिकताना तुमचा गोंधळ होईल. आपल्या घरातली वीज नदीसारखी एकाच दिशेने वाहत नाही. ती झोक्यासारखी मागे-पुढे होते, आणि हे हेलकावे भारतात सेकंदाला ५० होतात. परंतु झोका घेण्यासाठीही वाट अखंड असावी लागते. म्हणून काकांची परतीच्या वाटेची गोष्ट काही खोटी ठरत नाही.

"पण आईने तर एकाच ठिकाणी हात लावला होता," मामीने शंका काढली. "दुसरी तार तिच्या हातात कुठे होती?"

काकांनी याच प्रश्नाची वाट पाहिली असावी. डीपीच्या चित्राखाली त्यांनी एक उभी रेघ काढली, ती थेट जमिनीत नेली. "न्यूट्रलचे टोक डीपीपाशी जमिनीत पुरलेले असते," ते म्हणाले. "म्हणजे विजेला घरी परतण्याच्या वाटा दोन आहेत. एक काळ्या तारेची, दुसरी या भूमीची. आता कूलर म्हणजे पाण्याचे घर. ओलाव्याने मोटारीच्या तारांवरचे आवरण कुजले, आणि आतली फेज पत्र्याला टेकली. पत्रा वीज घेऊन उभा राहिला, पण पेटी लाकडी स्टँडवर ठेवलेली, त्यामुळे खाली जाण्यास वाट नव्हती. वहिनी अनवाणी आल्या, पायांखाली पाणी होते, आणि त्यांनी हात टेकला. वाट पूर्ण झाली. पत्र्यातून हातात, हातातून छातीत, पायांवाटे जमिनीत."

आजीने नकळत हात पदराखाली घेतला.

मामाच्या पायांत त्या दिवशी चप्पल होती. रबर विजेला सहजासहजी वाट देत नाही, म्हणून त्याला केवळ झिणझिण्या आल्या. पत्र्यातली वीज दोघांच्याही वेळी तेवढीच होती, फरक पायांखाली होता.

काकांनी मग थोडे गणित करून दाखवले. तेही देतो, कारण भीतीपेक्षा आकडा अधिक स्पष्ट बोलतो. आपल्या घरात विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या त्वचेच्या माणसाच्या अंगाचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहम धरावा. जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम असा, की दाबाला रोधाने भागले म्हणजे प्रवाह मिळतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर. हा आकडा किरकोळ वाटतो. पण एक शतांश अँपिअरच्या थोडे पुढे गेले, की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडावी म्हटले तरी सुटत नाही. एक दशांश अँपिअर छातीतून गेला, तर हृदयाचा ठोका विस्कटून माणूस दगावू शकतो. आजीच्या हाताचा पत्र्याला ओझरता स्पर्श झाला होता. तिने पेटीची कड मुठीत धरली असती तर?

"मग फ्यूज कशाला बसवला आहे?" मामा म्हणाला. "असे काही झाले तर तो उडतो ना?"

"तो उडालाच नसता," काका म्हणाले. "फ्यूज घराचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. तुझा हा कूलर २०० वॅटचा. नुसता चालताना तो जवळजवळ ०.९ अँपिअर घेतो. त्यात वहिनींच्या अंगातून पाव अँपिअर गेला, तर पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरदेखील लागणार नाही."

सारे गप्प झाले. काकांनी हिरवी तार उचलून धरली.

"ही आहे तिसरी. हिचे एक टोक पेटीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि दुसरे, भिंतीतल्या तारेमार्फत, जमिनीत पुरलेले असते. हिलाच अर्थिंग म्हणतात. हिच्या वाटेचा रोध चांगल्या घरात पाच ओहम धर. आता भाग २३० ला पाचने."

"४६!" मी ओरडलो.

"४६ अँपिअर. पाचाचा फ्यूज एका क्षणात वितळेल आणि कूलर बंद पडेल. तू चिडून म्हणशील, 'काय कटकट आहे, फ्यूज सारखा उडतो!' पण वहिनींचा हात पत्र्याला लागण्यापूर्वीच पत्रा थंड झालेला असेल. मात्र चिडून फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालू नकोस. ती वितळणार नाही आणि भिंतीतल्या तारा मात्र तापून पेटतील."

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब का असते, हे त्या दिवशी मला समजले. प्लग घालताना ती सर्वांआधी टेकते आणि काढताना सर्वांच्या मागून सुटते. वीज आत येण्यापूर्वी संरक्षण हजर, वीज गेल्यावरच त्याची रजा. ज्याने हे योजले, त्याच्या साध्या शहाणपणाचे मला अजूनही कौतुक वाटते.

फ्यूजची जागा आज बहुतेक घरांत एमसीबी नावाच्या खटक्याने घेतली आहे. तो पडला की तार बदलावी लागत नाही, कारण शोधून दूर केल्यावर खटका वर केला की काम होते. पण तोही घराचाच राखणदार. माणसाचा राखणदार वेगळा असतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचे काम एखाद्या चोख कारकुनासारखे चालते. फेजने किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, याचा ताळा तो अखंड करीत असतो. दोन्ही सारखे असले की ठीक. त्यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भागांचा फरक पडला, की वीज भलत्याच वाटेने परतत आहे, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, हे ओळखून तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वाट तोडतो. त्याच्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे; खटका पडला नाही, तर कारकून झोपला आहे असे समजावे.

आजी इतका वेळ ऐकत होती. ती व्यवहारी बाई. ती म्हणाली, "भावजी, जेवढी वीज येते तेवढी परत जाते म्हणता. मग महिन्याला पैसे कशाचे घेतात?"

काका खळखळून हसले. त्या दुपारी प्रथमच. "वहिनी, औरंगाबादची पाणचक्की पाहिलीत ना? पाणी वरून पडते, चाक फिरवते आणि पुढे निघून जाते. थेंबही कमी होत नाही. पण पडताना त्याने दळण दळलेले असते. आपण दळणाचे पैसे मोजतो, पाण्याचे नव्हे." (औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर.) हे दळण मोजण्याचे माप म्हणजे युनिट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट झाले. म्हणून हजार वॅटची इस्त्री तासाभरात जेवढी वीज खाते, तेवढीत हा कूलर पाच तास चालतो. पाणी तापवणारा दोन हजार वॅटचा गीझर तर अर्ध्या तासातच एक युनिट फस्त करतो. उष्णता निर्माण करणारी उपकरणे खादाड, फिरणारी आणि उजेड देणारी त्या मानाने मिताहारी, हे घरात सहज ताडता येते. त्या काळी आमच्या माजघरात १०० वॅटचा पिवळा दिवा होता. तो दहा तासांत एक युनिट घेई. आजचा नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच युनिटात शंभरावर तास जळतो, आणि जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढा उजेड देतो.

बोलता बोलता काकांनी खोलीतले बटणही उघडून पाहिले आणि मान हलवली. ते बटण न्यूट्रलवर बसवलेले होते. अशा बटणाने दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि आपण निर्धास्त होतो. परंतु फेज थेट उपकरणापर्यंत तशीच आलेली असते. 'बटण बंद होते, तरी धक्का बसला' असे जे लोक सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. वाट तोडायची ती येण्याच्या बाजूस, जाण्याच्या नव्हे. कूलरमध्ये पाणी भरताना केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवावा, हा काकांचा आग्रह यासाठीच होता.

मग त्यांनी मला आणि मामेबहिणीला जवळ बोलावले. "समजा, कोणी विजेला चिकटलेले दिसले, तर काय कराल?"

"ओढून काढू," ती लगेच म्हणाली.

"नाही, बेटा. त्याला हात लावलास, की वाट तुझ्याही अंगातून जाईल. आधी मेन स्विच बंद करायचा. तो सापडला नाही, तर कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला दूर लोटायचे, आणि ओरडून मोठ्या माणसांना बोलवायचे." क्षणभर थांबून ते म्हणाले, "एका घरी मला बोलावले होते. अशाच कूलरपाशी. मुलगा चिकटला, त्याला सोडवायला आई धावली. मी पोचलो तेव्हा दुरुस्त करण्यासारखे फक्त कूलरच उरले होते."

यापुढे त्यांनी त्या घराविषयी काही सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. आज असा प्रसंग आला, तर वीज तोडल्यावर लगेच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबलेला असेल, तर जाणत्या माणसाने ती येईपर्यंत छाती दाबत राहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सामान घेऊन आले. मोटार नवी तार भरण्यासाठी दुकानात गेली. खोलीत तीन भोकांचे सॉकेट बसले, बटण फेजवर आले, आणि हिरवी तार मीटरपाशी असलेल्या अर्थिंगच्या तारेला जाऊन मिळाली. मला वाटले, काम संपले. पण काका अंगणात गेले आणि भिंतीलगतचा एक सिमेंटचा चौकोनी खड्डा त्यांनी उघडला. त्यात लोखंडी नळी उभी पुरलेली होती आणि भोवतालची माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी झाली होती.

"कोरडी माती वीज नेत नाही," ते म्हणाले. "पाचाचा रोध पन्नास होईल, कदाचित शंभरही. मग तार असून नसल्यासारखी."

मी मनातल्या मनात भागाकार केला. २३० भागिले शंभर. दोन अँपिअर आणि थोडे वर. फ्यूज उडणार नव्हता.

नळीभोवतीची माती त्यांनी उकरली. मामाने वाण्याकडून जाडे मीठ आणले, मामीने शेगडीचा कोळसा कुटून दिला, आणि आम्ही मुलांनी दोन्हींचे थर एकावर एक खड्ड्यात भरले. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते. वर दोन बादल्या पाणी ओतले. ते क्षणात नाहीसे झाले, जणू जमीन कित्येक वर्षांची तहानलेली होती.

उन्हाळाभर रोज एक बादली पाणी तेथे घालण्याचे काम माझ्याकडे आले. सुटी संपून आम्ही परतलो, तेव्हा आजीने ते आपल्याकडे घेतले. पहाटे तुळशीला पाणी घालून झाले, की ती तांब्या पुन्हा भरी आणि अंगणातल्या त्या चौकोनी खड्ड्यापाशी जाऊन तोही रिता करी. कोणी पाहुण्याने विचारले, "आजी, येथे काय लावले आहे?" तर ती म्हणे, "परतीची वाट."